कंपाउंडच्या पलीकडची विहीर

मैत्री गजभिये आमच्या ऑफिसातून गेली त्याला आता बरेच दिवस झाले, तरी चहाच्या वेळी तिचा विषय निघतोच. कुणी म्हणतं, ती भावनेच्या भरात वाहून गेली. कुणी म्हणतं, तिला पुढारी व्हायचं होतं. आमचे अकाउंटंट म्हणतात, तिला कंपनीचे नियमच कधी कळले नाहीत. ज्या माणसाला स्वतःच्या स्कूटरची किल्ली रोज शोधावी लागते त्याने दुसऱ्याच्या समजुतीबद्दल बोलू नये, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

त्या रविवारी तिच्याबरोबर विहिरीवर मी होते. ऑफिसातलं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून हे मी लिहिते आहे.

आमचं ऑफिस एरंडवण्यात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. काम असं की कुणाला जमीन घ्यायची असली आणि त्या जमिनीवर आधी कारखाना, गॅरेज किंवा पेट्रोल पंप असला, तर आम्ही तिथे जाऊन माती उकरतो, बोअर घेतो, पाणी काढतो आणि तेल कुठवर मुरलंय ते सांगतो. पूर्वी पुण्यात हे कुणी विचारत नव्हतं. मग शहराच्या चारी बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, परदेशी कंपन्या त्यात जागा घ्यायला लागल्या, आणि त्यांचे वकील विचारू लागले की आमच्या खुर्च्यांखालची माती कशी आहे. आम्हाला बरे दिवस आले ते असे. मी तिथे प्रयोगशाळा सांभाळते. बाटलीतून पाणी येतं, मशीनमध्ये जातं, मशीन कागदावर डोंगर काढतं, आणि कुठला डोंगर कशाचा ते मी वाचते. मला शांतता लागते. माझ्या टेबलाशी कुणी उभं राहून पाय हलवलेला मला चालत नाही.

आणि मैत्री नेमकी तीच करायची.

ती चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात होते, तिने नागपूरला भूगर्भशास्त्र केलं आणि पुण्याला आली. धाकटा भाऊ रोहन हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. तो दर आठवड्याला फोन करून सांगायचा, "ताई, माती उकरणं सोड, आमच्याकडे टेस्टिंगला ये, एसी आहे, बस घ्यायला येते." ती म्हणायची, "बसून काय करू?" हे तिचं अगदी खरं होतं. बसणं तिला जमत नव्हतं. डबा उभ्याने खायची. चहा ओतून घ्यायची आणि तो गार होईपर्यंत दोन खोल्या फिरून यायची. हॉटेलात पाण्याचा ग्लास समोर आला की आधी नाकाशी न्यायची, मग ओठांशी. वेटर ओशाळायचा. मी म्हणायचे, "अगं, हे पुणं आहे. इथे गिऱ्हाइकाने पाणी मागितलं हाच अपराध, तू त्याचा वास घेतेस!" ती हसायची, पण वास घ्यायचं सोडायची नाही. बोलताना प्रमाण मराठी, आणि चिडली की सरळ चंद्रपूर. "काहून नाही? काहून नाही म्हणता तुम्ही?" हे तिच्या तोंडचं वाक्य आमच्या साहेबांनी वर्षभरात इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी ते तिला येताना पाहूनच कपाळाला हात लावायचे.

दोन हजार पाचच्या सुरुवातीला आम्हाला नगर रस्त्यावरचं काम मिळालं. वाघोलीच्या अलीकडे एक बंद पडलेला पेट्रोल पंप आणि त्यामागची मोठी मोकळी जागा. एका बांधकाम कंपनीला तिथे आयटी पार्क करायचं होतं. मैत्रीने पंपाच्या आवारात बोअर घेतले. वर मुरूम, खाली काळा खडक, खडकात भेगा, भेगांत पाणी. तळाला झडप असलेली लांब नळी दोरीने बोअरमध्ये सोडायची आणि पाणी वर काढायचं, असं हे काम. जुन्या टाकीजवळच्या बोअरमधून तिने नळी वर काढली तेव्हा पाण्यावर बोटभर जाडीचा थर तरंगत होता. पेट्रोल. टाकी जमिनीखाली कुजली होती आणि कित्येक वर्षं झिरपत होती.

एवढ्यावर कुणीही खूश झालं असतं. आम्हाला शोधायला सांगितलं ते सापडलं होतं. मैत्री मात्र आवाराच्या मागच्या भिंतीवर चढली. भिंतीपलीकडे जमीन ओढ्याकडे उतरत जात होती आणि ओढ्याच्या काठाला पत्र्यांची, विटांची एक वस्ती होती. वस्तीच्या मधोमध दगडी विहीर.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, आणि आमच्या ऑफिसात भिंतींना कान लावावे लागत नाहीत.

"सर, पाणी उताराकडे जातं. उतारावर वस्ती आहे. त्यांची विहीर तपासायला पाहिजे."

आमचे साहेब अनिरुद्ध लिमये. माणूस वाईट नाही. कुणाचं नुकसान व्हावं असं त्यांना कधी वाटत नाही, फक्त ते आपल्या टेबलावर होऊ नये असं वाटतं.

"मैत्री, आपल्याला काम कुठलं दिलंय?"

"पंपाच्या आवाराचं."

"विहीर आवारात आहे?"

"नाही सर. पण पेट्रोल तिकडे गेलं असेल तर?"

"आपण पाठवलं नाही ना?" साहेब म्हणाले. "आपला अहवाल जाईल एप्रिलमध्ये. मग ज्यांची जमीन आहे ते ठरवतील कुणाला कळवायचं ते. तोवर बाहेर एक शब्द बोलायचा नाही, हे आपण सही करून दिलंय."

"तोवर ते लोक पाणी पितील, सर."

"ते आधीपासून पितायत."

यावर तिने काहून म्हटलं नाही. ती बाहेर आली, माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि पाय हलवायला लागली. मला त्या दिवशी तिचा राग येत होता की साहेबांचा, हेच मला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती स्वतःच्या सुटीत, स्वतःच्या गाडीवर वस्तीत गेली. तिथे काय झालं ते तिने मला सोमवारी सांगितलं, खोलीभर चकरा मारत.

वस्ती बौद्धांची होती. विहिरीच्या काठावर सीताराम भालेराव नावाचे म्हातारे गृहस्थ बसले होते. वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. मैत्रीने "जय भीम" म्हटलं, नाव सांगितलं, काम सांगितलं, चंद्रपूरची म्हणून सांगितलं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. आपली पोरगी जमिनीच्या पोटातलं पाणी तपासते याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी शेजारपाजारच्यांना हाका मारून गोळा केलं. मग विहिरीची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर यांना पाणी भरू देत नसत. वरून कुणी ओतलं तर मिळायचं. दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या बापयांनी ठरवलं की आता कुणापुढे घागर घेऊन उभं राहायचं नाही. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि उरलेल्या वेळात खडक फोडायचे. सीताराम तेव्हा पोरगेला होता, डोक्यावर पाटी घेऊन दगड वाहायचा. पाणी लागलं तेव्हा बायका रडल्या. आणि तेव्हापासून दर वर्षी वीस मार्चला, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्या दिवशी, सगळी वस्ती या विहिरीवर जमते. वंदना होते, आणि लहानमोठा प्रत्येक जण या पाण्याची एक ओंजळ पितो.

"पाण्याला कधी वास येतो का, काका?" मैत्रीने विचारलं.

सगळ्यांनी सीतारामांकडे पाहिलं. मग सीताराम म्हणाले, "न्हाई. आमचं पानी अमृतावानी हाय."

"न्हाई हं," एक बाई घाईने म्हणाली. "कधीच न्हाई."

"हेमाताई," मैत्री मला म्हणाली, "मी विचारायच्या आधीच मला वास आला होता. बादली वर आली तेव्हाच. आणि ते सगळे माझ्याकडे बघून नाही म्हणत होते."

"कशाला खोटं बोलतील? त्यांचंच पाणी आहे."

ती थांबली. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मला आपण काहीतरी मूर्खासारखं बोललो हे कळलं, पण काय ते कळलं नाही.

"म्हणूनच," ती म्हणाली. "आमच्या घरी कुणी पाहुणे यायचे असले नं, तर आई माठ तीनतीनदा घासायची. पाण्याचा ग्लास उजेडात धरून बघायची. त्यांच्याकडचं पाणी असं होतं म्हणून कुणी बाहेर बोलू नये. तुम्हाला नाही कळायचं ते."

माझा जन्म सदाशिव पेठेतला. मला नाही कळायचं, हे मी मान्य केलं.

तिने पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या. सीताराम तिला रस्त्यापर्यंत पोचवायला निघाले आणि वाटेत म्हणाले, "पोरी, औंदा वीस मार्चला तू यायचं. पैली ओंजळ तुजी." ती काय बोलणार? मान हलवली.

ते परत फिरल्यावर तिला वस्तीच्या टोकाला एक घर बाजूला पडलेलं दिसलं. दारात एक माणूस बसला होता. त्याची बायको लांबच्या हमरस्त्यावरच्या हापशावरून डोक्यावर हंडा घेऊन येत होती. विहीर हाकेच्या अंतरावर आणि बाई रस्त्यापलीकडून पाणी आणते, हे पाहून मैत्री थांबली नसती तर ती मैत्री कसली? तिने गाडी लावली आणि विचारलं.

तो माणूस म्हणजे बद्रीनाथ, सीतारामांचा मुलगा. बायको चंपा. पूर्वी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि ते चालवायचं काम बद्रीकडे. एकदा इंजिनात डिझेल ओतताना त्याच्या हातून डबा निसटला आणि काठावरून आत गेला. वस्तीने विहीर उपसली, चुना मारला, दगड घासले. वास गेला. पावसाळा झाला आणि वास परत आला. पुन्हा उपसली, पुन्हा आला. मग लोक म्हणायला लागले की बद्री खरं सांगत नाही, एकाच डब्याने एवढं होत नाही, याने दारूच्या नशेत किती सांडलं असेल देव जाणे. बद्री दारू पीत नव्हता. इंजिन विकून टाकलं, रहाट बसवला, तरी वास जाईना. शेवटी सीतारामांनी सगळ्यांना बसवून निकाल दिला: बद्रीने आणि त्याच्या घरच्यांनी विहिरीला हात लावायचा नाही. पोटच्या पोराला पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको म्हणून तो निकाल जास्तच कडक झाला. आणि वासाबद्दल बाहेर कुणी अवाक्षर काढायचं नाही, असंही त्याच दिवशी ठरलं. गावाला कळलं असतं तर गाव हसलं असतं.

"तुम्ही ऐकलंत कसं?" मैत्रीने त्याला विचारलं.

"ऐकू नको तर काय करू?" बद्री म्हणाला. "माज्याच हातनं नासली. आज्यानं खांदली आन् म्या नासवली."

चंपा हंडा उतरवत होती. ती म्हणाली, "वीस मार्चला समदे पितात. ह्ये तिथं निंबाखाली हुबे ऱ्हातात. घरी बसा म्हणलं तर बसत न्हाईत."

हे सांगून झाल्यावर मैत्रीने बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "हे तपासून द्या. नोंद करू नका, साहेब ओरडतील."

"नोंदीशिवाय मी काही तपासत नाही," मी म्हणाले. "ओरडू देत. त्यांचा आवाज लहान आहे."

पण मशीन नेमकं त्याच आठवड्यात बिघडलं. मेकॅनिक मुंबईहून यायचा, आज येतो उद्या येतो करत होता. मैत्री रोज दहा वेळा येऊन मशीनकडे बघून जायची, जसं काही बघितल्याने ते सुरू होणार होतं. तिची झोप उडाली होती. जेवत नव्हती. एकदा म्हणाली, "आत्ता या क्षणाला तिथे कुणीतरी पाणी पीत असेल." मी म्हटलं, मग जाऊन सांग. ती म्हणाली, "काय सांगू? माझ्या नाकाला वाटतं म्हणून? ते म्हणतील, आमच्या बद्रीने डिझेल सांडलंय, आम्हाला माहीत आहे, तू गप्प बस. आणि त्याच्या डोक्यावर अजून एक दगड ठेवतील." तिच्या त्या येरझाऱ्यांनी माझंही कामात लक्ष लागेना. मी दोनदा परीक्षानळी फोडली. माझ्या नोकरीत ते कधी झालं नव्हतं.

शनिवारी मशीन सुरू झालं. मी तिच्या बाटल्या आधी घेतल्या. कागद बाहेर यायला लागला तशी ती माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. मी तिला हटकलं नाही.

हे समजायला शास्त्र लागत नाही. पेट्रोल हलकं, त्याचे डोंगर कागदावर आधी उठतात. डिझेल जड, त्याचे डोंगर बऱ्याच वेळाने, पुढे. त्या पाण्याचे सगळे डोंगर सुरुवातीला दाटीवाटीने उभे होते. पुढे कागद सपाट. मी पंपाच्या टाकीजवळच्या बोअरचा कागद काढून शेजारी ठेवला. एकाच आईची दोन पोरं शेजारी बसवावीत तसे ते दिसत होते.

"डिझेल?" तिने विचारलं.

"एक थेंब नाही."

ती खाली बसली. जमिनीवरच, मशीनला टेकून. मग रडली. मी पाण्याचा ग्लास दिला तर तिने त्याचा वास घेतला आणि रडता रडता हसली. पाणी पिण्यालायक नव्हतं, हे तर होतंच. त्यात जे होतं ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर रक्ताचे आजार होतात. एक दिवसही थांबायला नको होतं. आणि दुसरा दिवस वीस मार्चचा होता.

मी साहेबांच्या घरी फोन केला. साहेब म्हणाले, "हेमाताई, सोमवारी बोलू. आणि कृपा करून मैत्रीला तिकडे जाऊ देऊ नका." मी म्हटलं, "तिला अडवायचं असेल तर तुम्ही या. माझे गुडघे दुखतात."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. सोमवारी बांधकाम कंपनीचा फोन आला, मैत्रीला राजीनामा द्यायला सांगितलं, तिने तो दिला नाही, मग तिला काढलं. वस्तीला टँकर सुरू झाला, तो तिनेच चकरा मारून सुरू करवला. पंपवाल्याची आणि जमीनवाल्यांची चौकशी चालू आहे, म्हणजे ती कुठल्या तरी कपाटात आहे. मैत्री आता दुसरीकडे काम करते आणि अजून बसत नाही. मला साहेबांनी काढलं नाही, कारण मशीनचे डोंगर वाचणारी दुसरी बाई त्यांना कुठून मिळणार? पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या रविवारचं.

आम्ही सकाळीच निघालो. बेत असा की कार्यक्रम सुरू व्हायच्या आत सीतारामांना बाजूला घेऊन सांगायचं. पण आम्ही पोचलो तर वस्ती आधीच जमलेली. विहिरीच्या काठाला निळा रंग दिलेला, पताका, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंना हार. बायका पांढऱ्या साड्यांत. मैत्रीला बघून पोरींनी टाळ्या वाजवल्या. "काका, दोन मिनिटं इकडे या," ती म्हणत होती. सीताराम म्हणाले, "आदी वंदना, मंग काय ते." त्यांनी तिला हाताला धरून पुढे नेलं. मी मागे गर्दीत उभी राहिले. कुणीतरी मला खुर्ची आणून दिली. मी कोण, कुठली, ते माझ्या बोलण्यावरून पहिल्या वाक्यालाच सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी खुर्ची आणून दिली होती. मला तिच्यावर बसवेना.

वंदना झाली. रहाट फिरला, बादली वर आली. सीतारामांनी पितळी तांब्या बुडवून भरला. "आपली लेक," ते सगळ्यांना म्हणाले, "चंद्रपूरची. शिकली, हापिसर झाली. औंदाची पैली ओंजळ तिची." आणि त्यांनी तांब्या तिरपा केला.

मैत्रीने ओंजळ पुढे केलीच नाही. हात अंगाशी घट्ट धरून ती उभी होती. पाणी तिच्या पायांवर पडलं.

"काका, मी हे पाणी पिणार नाही," ती म्हणाली. "आणि आज कुणीच पिऊ नका. पाण्यात पेट्रोल आहे."

सीतारामांनी तांब्या हळूच काठावर ठेवला. त्यांनी गर्दीतून माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ह्या बाईंनी शिकवलं व्हय तुला?"

सगळी तपासणी मीच केली होती, कागद माझ्या पिशवीत होता, आणि या माणसांना या विहिरीचं पाणी पिऊ नका हे म्हणायला माझी जीभ उचलेना. माझ्यासारख्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्यांना तेच तर सांगितलं होतं.

"नाही," मैत्री म्हणाली. "मी सांगते. मला पण घरी हेच शिकवलंय, काका. पाणी सोडायचं नाही. माझी आई आज चंद्रपूरला असंच पाणी पीत असेल."

"मंग?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "ज्या पान्याला हात लावू दिला न्हाई म्हणून आमच्या बापांनी खडक फोडला, त्या पान्याला आज आमच्याच लेकीनं न्हाई म्हणावं? वास येतो, म्हाईत हाय! आमचं आमाला म्हाईत हाय. आमच्याच पोराचं पाप हाय त्ये. त्याला आमी शिक्षा केली. तू चारचौघांत उगाळू नगंस!"

हे त्यांच्या तोंडून गेलं आणि त्यांनाच कळलं की आपण काय बोललो. इतकी वर्षं जे बोलायचं नव्हतं ते वीस मार्चला, सगळ्यांसमोर, बाहेरच्या बाईदेखत बोलून झालं होतं. ते काठावर टेकले.

मैत्री त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"काका, इंजिनात काय घालत होता तुम्ही?"

"काय म्हंजे? डिझेल."

"पेट्रोल कधी घातलं?"

"येडी का काय? डिझेलच्या इंजनात पेट्रोल कोन घालंल?"

"या पाण्यात डिझेल नाही, काका. एक थेंब नाही. आहे ते सगळं पेट्रोल आहे. ते तिथून येतंय." तिने उताराच्या वरच्या अंगाला, भिंतीपलीकडच्या बंद पंपाकडे हात केला. "जमिनीखालून. टाकी कुजली आहे. डबा पडला ते डिझेल तुम्ही उपसलं तेव्हाच गेलं. पुढे जे आलं ते बद्रीदादाचं नाही."

सीतारामांनी पंपाकडे पाहिलं. मग खूप वेळ विहिरीत पाहिलं. एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "उपसल्यावर गेलाच व्हता की वास. गेलाच व्हता." दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

म्हातारा उठला. निंबाच्या झाडाखाली बद्री उभा होता, नेहमीच्या जागी, हात मागे बांधून. त्याला तिथवर सगळं ऐकू आलं होतं. सीताराम त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी मुलाचा हात धरला आणि त्याला ओढतच विहिरीपाशी आणलं. गर्दी बाजूला झाली. चंपा मागे धावत आली आणि मध्येच थांबली. ती सासऱ्याकडे अशा रागाने बघत होती की मला वाटलं, ही आता ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

बद्री काठावर उभा राहिला. काठावरचा निळा रंग त्याने हाताने चाचपला. मग रहाटाचा दोर धरला, बादली आत सोडली, वर ओढली. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बादली खाली ठेवून तो तिच्यासमोर बसला आणि त्याने दोन्ही हात पाण्यात घातले. ओंजळ भरली. ती वर यायला लागली.

मैत्रीने झेप घेतली आणि त्याचं मनगट धरलं. "दादा, नको! पिऊ नका!"

बद्रीने मान वर केली. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि ओंजळीतलं पाणी बोटांमधून बादलीत परत गळत होतं.

"न्हाई पीत, ताई," तो म्हणाला. "पर हात तर लावू दे."

तिने त्याचं मनगट सोडलं.